साखळीतली बोट

बसव्वा : चिमणाबाईला आमच्या गुळाच्या काहिलीनं बुडवलं न्हाई, पिराजी. त्या आत बसलेल्या साहेबानं बुडवलंय. दार लावून बसलाय न्हवं? असू दे. दाराला कान असत्यात, ऐकू दे त्याला. बाई बुडवली ह्यानं आणि गुन्हा घातला माझ्या नवऱ्यावर!

पिराजी : अक्का, हळू. पोलीस चौकी हाय ही, तुमचं गुऱ्हाळ न्हवं. साहेब मुद्दाम कोल्हापुरातनं आल्यात आज.

बसव्वा : तेच म्हणतो मी. आज बरी वाट गावली! श्रावणात नदी गावात शिरली, खालची गल्ली पत्र्यापातूर बुडाली, तवा कुठं गेलता?

पिराजी : तवा रस्ता बंद हुता.

बसव्वा : रस्ता बंद हुतो म्हणूनच बोट दिलती न्हवं सरकारनं? का रस्ता चालू असताना फिरायला दिलती?

पिराजी : रुद्रय्याअण्णा, तुम्ही तरी सांगा की अक्कास्नी. तुम्हास्नी बोलावलंय ते भल्यासाठी बोलावलंय.

रुद्रय्या : मी काय सांगू? श्रावणापासनं घरात बोलतीया. मी ऐकलं. आज तुम्ही ऐका.

बसव्वा : आणि ही काय दशा केलीसा काहिलीची? तिच्यात पाणी कशाचं? बूट कुणाचं पडल्यात काठावर?

पिराजी : बूट कडंला हाईत, आत न्हाईत. गाड्या धुवायला पाणी भरून ठेवतोय तिच्यात. मुद्देमाल म्हणून जप्त केली तवापासनं रिकामीच पडली हुती...

बसव्वा : शिवा शिवा! पयलं आधण ठेवायच्या आधी हळदकुंकू वाहतो आम्ही तिला. चप्पल घालून जवळ जात न्हाई कोण. उसाचा रस उकळतो तिच्यात, माणसाच्या तोंडात जाणारा गूळ हुतो. आणि तुम्ही तिच्यात मोटारसायकली धुताय! आणि शेजारी त्या बोटीच्या गळ्यात काय हाय? हार न्हवं काय तो?

पिराजी : खंडेनवमीचा हाय. सुकलाय, काढायचा ऱ्हायलाय. शस्त्रपूजा असती त्या दिवशी. रायफली, जीप, बिनतारी संच, समद्याला हार घालतो आम्ही. बोटबी सरकारी साधन, तिला घातला.

बसव्वा : म्हंजे जिनं गाव वाचीवलं तिच्यात चिखल, आणि जी जाग्यावरनं हालली न्हाई तिला झेंडू. साखळीलाबी कुंकू लावलंसा काय?

पिराजी : साखळी आदेशानं हाय, अक्का. बोट अनुदानाची हाय. पोलीस आधुनिक करायचं अनुदान आलंय, त्यातनं बोट आली, प्रखर दिवा आला, भोंगा आला, तरंगती जाकीटं आली. चोरीला गेलं तर भरून कोण देणार? आमचा पगार केवढा?

बसव्वा : चौकीतनं चोरी? पोलिसांच्या अंगणातनं?

पिराजी : माणसाचं काय सांगावं. म्हणून तर साहेबांनी इंजान हितं ठेवूच दिलं न्हाई. ते कोल्हापुरात हुतं, मुख्यालयाच्या गुदामात.

बसव्वा : थांब. बोट हितं आणि तिचं इंजान कोल्हापुरात?

पिराजी : साहेबांचं म्हणणं, नदीकाठचं लोक लई बेरकी. इंजान काढून पाणी उपसायला लावतील.

बसव्वा : यव्वा गं! आम्ही चोर, म्हणून पोलिसांनी इंजान लपवून ठेवलं. बैल गोठ्यात बांधला आणि त्याचं पाय कपाटात ठेवलं. आणि साखळीच्या कुलपाची किल्ली?

पिराजी : तीबी कोल्हापुरात.

रुद्रय्या : वल्ही?

पिराजी : वल्ही मंजूर झाली न्हाईत, अण्णा. बोट इंजानाची असताना वल्ही कशाला, असा वरनं शेरा पडला.

रुद्रय्या : बरं.

बसव्वा : बरं काय म्हणताय? ही बोट चालती, मी सांगतो. रंकाळ्यात चालती! आमच्या लेकीनं, दानेश्वरीनं, कोल्हापुरातनं, राजारामपुरीतनं पेपर पाठवलता, फोटो बघितलाय मी. पुढं साहेब, मागं साहेबाची बायको, मेव्हणी, पोरंबाळं, पोरांच्या हातात भडंग. समद्यांच्या अंगात ती नारिंगी जाकीटं.

पिराजी : ती चाचणी हुती.

बसव्वा : कशाची चाचणी? बोटीत बसून भडंग खाता येतंय का बघायची? आणि खरंच पाणी आलं त्या दिवशी जाकीटं कुठं हुती?

पिराजी : चौकीत.

बसव्वा : चौकीत कुठं?

पिराजी : खुर्चीला. माझी कंबर धरतीया अक्का, पाठीला एक घेतो मी. बाकीची कपाटात हुती. कपाट पाण्याखाली गेलं.

बसव्वा : तरंगणारी जाकीटं बुडून गेली! कपाटात कोंडल्यावर मासाबी मरंल, जाकीट काय करंल? आता तूच सांग अण्णांच्या तोंडावर. पाणी चौकीत शिरलं तवा तू कुठं हुतास?

पिराजी : ड्युटीवर.

बसव्वा : ड्युटी कुठं चालली हुती?

पिराजी : कौलावर.

बसव्वा : आणि बोट?

पिराजी : कंची बोट?

बसव्वा : सरकारनं दिलेली. बोट कुठं हुती रं?

पिराजी : अंगणात. ह्याच लिंबाला. पाणी चढंल तशी वर यायची, साखळी ताणली की नाक खाली घालायची. परत उसळायची. दावणीचं जनावर आगीत सापडल्यावर करतंय तसं करत हुती. बघवत नव्हतं, अक्का. हाताच्या अंतरावर बोट, आणि मी कौलं धरून बसलोय.

रुद्रय्या : कुलूप तोडायचं.

पिराजी : तेच इचारलं की मी! बिनतारी गळ्यात हुता. वरडून इचारलं, साहेब, कुलूप तोडू का? वरनं आवाज आला, शासकीय मालमत्तेचं नुकसान हुतंय, आधी लेखी परवानगी मागा. मी म्हटलं, साहेब, कागूद भिजलाय, मी भिजलोय, कौलं सुटायला लागल्यात. तवर बिनतारीची बॅटरी गेली. नवा संच, अनुदानातलाच. बॅटऱ्या दुसऱ्या खात्यातनं यायच्या हुत्या.

बसव्वा : आणि मग कौलावरनं खाली कुणी घेतलं तुला? सरकारनं?

पिराजी : अण्णांनी.

बसव्वा : कशात?

पिराजी : काहिलीत.

बसव्वा : ऐका! कान देऊन ऐका, साहेब! काहिलीत! आणि त्या काहिलीवर फिर्याद कुणी दिली? चिमणाबाईच्या लेकीनं दिली? त्या अंबूबाईनं एक शबूद तक्रार केली न्हाई. आई वाहून गेली तरी आमच्या दारात येऊन म्हणाली, अण्णा, तुम्ही हुता म्हणून माझी पोरं हाईत. मग फिर्यादी कोण झाला?

पिराजी : सरकारतर्फे मी. अक्का, माझा काय दोष? माणूस गेलं की कुणावर तरी हयगयीचा गुन्हा दाखल करावा लागतो. साहेबांनी सांगितलं, नाव घाला. आणि कायद्यानं बघितलं तर काहील हे काय पाण्यातलं वाहन न्हाई. परवाना न्हाई, नोंद न्हाई.

बसव्वा : आणि झाडाला बांधलेली बोट पाण्यातलं वाहन हाय! जलमाला आल्यापासनं तू आमच्या गुऱ्हाळावर काकवी प्यायला येतोस. तांब्या भरून पितोस. त्याच काहिलीची. तुझ्या जिभंला हाड न्हाई, ठावं हुतं; पोटाला लाजबी न्हाई, ते आज कळलं.

पिराजी : द्या शिव्या. तुमचा हक्क हाय. पर आता कामाचं बोलू द्या मला. उद्या दिल्लीचं पथक येतंय.

रुद्रय्या : कशाला?

पिराजी : अनुदानातनं घेतलेली साधनं वापरली का न्हाई, ते बघायला. पुराच्या गावात बोट दिलती, मग पुरात तिचा उपयोग काय झाला, हा त्यांचा पयला सवाल असणार. ह्यात पास झालो तर पुढचा हप्ता. त्यात वरच्या साहेबांस्नी नवी गाडी हाय, कॅमेरे हाईत, अंधारात दिसायची दुर्बीण हाय...

बसव्वा : उजेडात बोट दिसली न्हाई त्याला, अंधारात काय बघणार हाय मेला!

पिराजी : इंजान आलंय आज कोल्हापुरातनं. तितं टेम्पोत बघा. उद्या बंधाऱ्याच्या फुगीत, साचल्या पाण्यात, प्रात्यक्षिक करायचं. पलीकडच्या काठावर दोन माणसं अडकल्यात असं दाखवायचं. बोट जाईल, त्यास्नी घेऊन येईल. ती दोन माणसं म्हंजे तुम्ही दोघं.

बसव्वा : आम्ही?

पिराजी : साहेब म्हणाले, खरी पूरग्रस्त माणसं पायजेत. म्हातारा-म्हातारी असली तर फोटो बरा येतो. आणि अक्का, साधं लुगडं नेसून या. काठावरनं हाक मारायची, वाचवा वाचवा.

बसव्वा : कुणाला हाक?

पिराजी : पोलिसांना.

बसव्वा : श्रावणात मारलीती की! सकाळपासनं दिस बुडंपातूर मारलीती. घसा फाटला. तीच घ्या म्हणावं, कुठंतरी पडली असंल. नवी कशाला?

पिराजी : तुम्ही चेष्टा करा. मी सकाळपासनं त्या इंजानाची दोरी वढून वढून दंड धरून घेतलाय. नुसतं खोकतंय. पेटंना.

रुद्रय्या : मग उद्या?

पिराजी : तालमीतली दोन पोरं सांगितल्यात. मागनं पाण्यात ऱ्हाऊन ढकलतील. डोकं पाण्याबाहेर काढायचं न्हाई अशी ताकीद दिलीया. भोंगा लावला की आवाजात काय कळत न्हाई.

बसव्वा : (हसते, मग हसू थांबतं.) आणि नुसतं बसून येऊन भागतंय काय? बोलायचं काय?

पिराजी : बोलायचं एवढंच. श्रावणातल्या पुरात पोलिसांच्या बोटीनं आम्हाला वाचीवलं. आम्हाला, आणि खालच्या गल्लीतल्या समद्यांना. काहिलीचा विषयच काढायचा न्हाई. काहील नव्हतीच.

बसव्वा : नव्हतीच! मग ही हितं काय आकाशातनं पडली?

पिराजी : ती उद्या हितं नसणार. पथक गेलं की सांजच्याला तुमच्या गुऱ्हाळावर पोच करतो. टेम्पो माझा. पुरावा न्हाई म्हणून गुन्हा मिटवतो. साहेबांनी शब्द दिलाय.

रुद्रय्या : आणि न्हाई बोललो तर?

पिराजी : तर दोषारोपपत्र कोर्टात. काहील निकालापातूर हितंच. आणि निकाल कवा लागतोय ते कुठल्याबी वकिलाला इचारा. माझ्या तोंडानं कशाला सांगू? हितं कोपऱ्यात एक सायकल हाय, तिचा मालक मेला, चोर मेला, केस जिवंत हाय. उसाला तुरं आलं न्हवं?

बसव्वा : आल्यात.

पिराजी : कारखान्याला तरी घाला. बिद्रीला न्या.

बसव्वा : आमचं सभासदात नाव न्हाई. तोडायला टोळी कवा यायची, वजन कवा व्हायचं? तवर वाळून चिपाडं हुतील. आणि गूळ करणारा गुळव्या परवा येऊन गेला. म्हणाला, अक्का, काहील येत नसंल तर मी दुसरीकडं हात घालतो, माझंबी पोट हाय. त्याला काय सांगू? काहील पोलिसांत नोकरीला लागलीया म्हणून सांगू?

पिराजी : म्हणून म्हणतो. उद्या घटकाभराचं काम. एक वाक्य बोलायचं.

बसव्वा : अवो.

रुद्रय्या : हं.

बसव्वा : बोलून टाकूया काय?

रुद्रय्या : तू म्हणतीस हे?

बसव्वा : मीच म्हणतो. माझ्या तोंडाला फेस आला शिव्या देऊन, साहेबाची मिशी हालली न्हाई. ह्यांनी डोंगरायेवढं खोटं रचलंय. त्यात आपली चिमूटभर राख पडली तर कुठं दिसतीया? चूल पेटंल आपली. लिंगाला अभिषेक घालू, चुकलं म्हणू. सोळा सोमवार धरतो मी. काहील घरला येऊ दे.

पिराजी : आता कसं बोललासा! अक्का, मला ठावं हुतं, तुम्ही वरनं काटेरी, आतनं...

बसव्वा : तू गप. तुला बोलत न्हाई. अवो, काय म्हणताय?

रुद्रय्या : पिराजी, चिमणाबाईचं काय केलंय?

पिराजी : म्हंजे?

रुद्रय्या : बोटीनं समदी वाचली. मग ती कशी गेली? पथक इचारंल. मेलेलं माणूस सरकारी कागदात हाय. ते काय पुसता येत न्हाई.

पिराजी : ते आमचं आम्ही बघतो. तुम्हास्नी त्यातलं काय बोलायचं न्हाई.

रुद्रय्या : मला सांग.

पिराजी : अण्णा, सोडा की.

रुद्रय्या : सांग म्हटलं.

पिराजी : बोट तिच्या दारापातूर गेली. पोलिसांनी हात दिला. बाई हट्टानं बोटीत बसली न्हाई. कोंबड्या सोडून येणार न्हाई म्हणाली. वाहून गेली. असं हाय.

बसव्वा : कोंबड्या? चिमणाबाईनं गेल्या साली मरीत समद्या गेल्यावर कोंबडी पाळलीच न्हाई! कोंबड्या कुणाच्या डोक्यातनं निघाल्या?

पिराजी : साहेबांच्या. म्हाताऱ्या बायकांना कोंबड्यांची माया असती म्हणाले. पथकाला पटंल असं पायजे न्हवं काय तरी.

रुद्रय्या : आणि हे तू ऐकून घेतलंस.

पिराजी : मी हवालदार हाय, अण्णा.

रुद्रय्या : तू काहिलीत हुतास.

बसव्वा : काय? काय झालं काहिलीत? अवो, माझ्याकडं बघा. मला तर म्हटलासा, लाट आली आणि ती गेली.

रुद्रय्या : लाट नव्हती. काहील भरली हुती. अंबूबाईची पोरं, चिमणाबाई, म्हातारा सुतार, आणखी चारदोन माणसं. शाळंकडं निघालो हुतो. चौकीपाशी हा कौलावरनं वरडला. काहील ढकलणारी पोरं म्हणाली, अण्णा, आता जागा न्हाई, ह्याला पुढच्या खेपंला घेऊ. तवर कौलं ढासळायला लागली. मी काहील फिरवली.

बसव्वा : मग?

रुद्रय्या : हा उतरला तशी काहील एका अंगाला गेली. अंगानं भारी हाय न्हवं हा. काहिलीला ना नाक ना शेपूट, जितं वजन तितं तोंड. चिमणाबाई मधी बसली हुती. ती म्हणाली, हवालदार जड हाय, त्याला मधी घ्या, मी कडंला सरकतो. मला इचारलं तिनं. अण्णा, बसू का कडंला? मी म्हटलं, बस.

बसव्वा : शिवा...

रुद्रय्या : शाळंच्या वळणाला लाकडाचा वंडका आला पाण्यातनं. काठाला धडकला. मी पदर धरला हुता तिचा. पदर हातात ऱ्हायला.

बसव्वा : हे मला कधी बोलला न्हाईसा.

रुद्रय्या : काय बोलू? मीच बस म्हटलं. जेवायला बसलो तरी तेच ऐकू येतंय, बसू का कडंला. पिराजीनं गुन्हा घातला माझ्यावर, तवा तू थयथयाट केलास. मी केला न्हाई. मला वाटलं, बरं झालं. कुणी तरी मला इचारलं.

पिराजी : अण्णा, तुमचा दोष न्हाई त्यात.

रुद्रय्या : हे तू म्हणतोस? फिर्यादी?

पिराजी : मला झोप लागती असं वाटतंय तुम्हास्नी? ती सरकली म्हणून मी बसलो. मला ठावं हाय. माझ्या बायकोला ठावं हाय. तिनं अंबूबाईच्या पोरांस्नी दिवाळीला कापडं नेऊन दिली, माझ्या तोंडानं सांगायला जीभ झाली न्हाई म्हणून. पर उद्या मी तोंड उघडलं तर साहेब मला आजऱ्याच्या पल्याड जंगलात टाकतील. पोरीचं लगीन धरलंय मी.

बसव्वा : जिनं तुला जागा दिली तिला तू कोंबड्यांसाठी मेली म्हणणार. तुझ्या पोरीच्या अक्षता टाकायला कुठल्या हातानं हुबा ऱ्हाणार रं तू?

पिराजी : मी म्हणत न्हाई, साहेब म्हणत्यात.

बसव्वा : साहेब आत म्हणतोय. बाहेर तू म्हणतोस. आवाज तुझा हाय.

रुद्रय्या : जा आत. सांग त्याला, रुद्रय्या बोटीत बसत न्हाई.

बसव्वा : आणि रुद्रय्याची बायकोबी हाक मारत न्हाई म्हणावं. सोळा सोमवार वाचले माझे.

पिराजी : घटकाभर इचार करा...

रुद्रय्या : जा.

(पिराजी आत जातो. दार लागतं. आतून बोलण्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. बऱ्याच वेळानं तो टोपी हातात घेऊन बाहेर येतो.)

पिराजी : साहेब म्हणाले, रागावू नका. त्यांनी दोन पावलं मागं घेतल्यात.

बसव्वा : कुठनं कुठं?

पिराजी : कोंबड्या काढून टाकतो म्हणाले. 'हट्टानं' हा शबूदबी काढतो. त्याच्या जागी 'घाबरून' घालतो. बाई घाबरून बोटीत बसली न्हाई. ह्यात तिची बदनामी न्हाई. म्हातारं माणूस घाबरणारच.

बसव्वा : घाबरली? चिमणाबाई? अय्यो, कौलाला मिठी मारून आई आई म्हणत कोण बसलं हुतं? ती का तू?

पिराजी : मी. मी हुतो. बास झालं आता अक्का. मेल्यासारखं झालंय मला.

बसव्वा : मेल्यासारखं तुला झालंय. मेली ती हाय.

रुद्रय्या : गप गं जरा. पिराजी, हितं बस. टोपी घाल डोक्यावर. आता मी सांगतो ते शब्दाला शबूद आत सांगायचं. तुझ्या पदरचं कायबी घालायचं न्हाई.

पिराजी : सांगा.

रुद्रय्या : उद्या मी येतो. बोटीत न्हाई, काठावर हुबा ऱ्हातो. पथकाला सांगतो, पुरात माणसं काहिलीनं काढली. एक बाई गेली. तिला कडंला बस म्हणणारा मी. गुन्हा माझ्यावर हाय तो ऱ्हाऊ दे, मिटवू नका. कोर्टात गेलो तर तितंबी हेच सांगीन.

पिराजी : अण्णा, ऊस वाळंल.

रुद्रय्या : वाळंल. पेटवून देऊ फड.

पिराजी : अक्का, तुम्ही तरी...

बसव्वा : मी काय? ते म्हणतील ते. मघाशी माझी जीभ घसरली हुती, आता जाग्यावर हाय. काहील ठेवून घ्या. गाड्या धुवा, बूट धुवा, साहेबाचं तोंड धुवा. निघतंय का बघा.

पिराजी : अण्णा, पथकाच्या म्होरं तुम्ही असं बोललासा तर तुम्हीच अडकणार. साहेबाचं काय वाकडं हुणार न्हाई. स्वतःच्या तोंडानं कबूल झाल्यावर मग काय ऱ्हातंय?

रुद्रय्या : ऱ्हातंय की. म्हणून तर तुला आत धाडतोय. मी माझं काम केलं, माझं नाव सांगितलं. बाईला कडंला कुणी बसवलं, ह्याचं उत्तर झालं. पर तिला काहिलीत का बसावं लागलं, त्याचं उत्तर माझ्याजवळ न्हाई. ते त्याच्याजवळ हाय.

पिराजी : कसं इचारू मी? नोकरी हाय माझी.

रुद्रय्या : तू इचारू नकोस. मी इचारलंय म्हणून सांग. जा, कडी वाजीव.

पिराजी : आतनं लावून घेतलंय त्यांनी दार.

रुद्रय्या : मग हितनंच बोलतो. साहेब, मी रुद्रय्या. बाहेर बसलोय, उठणार न्हाई. गुन्ह्यात आरोपी म्हणून माझं एकट्याचं नाव घातलंय तुम्ही. ते बरोबर हाय, त्याला माझी ना न्हाई. पर माझ्या खाली दुसरं नाव कुणाचं घालणार, तेवढं सांगा.